दोष कोणाचा आणि काम कोणाचें ?

पावसाळ्यांत रस्त्याच्या कडेस व पडीत जमिनींत बारीक पांढऱ्या फुलांचें एक झुडूप माजतें, तें आपणां सर्वांच्या ओळखीचें आहे. पानें गाजराच्या पानांसारखीं, म्हणून त्यास गाजरगवत म्हणतात. वास्तविक तें गवत नव्हे. तें शेवंतीच्या कुळांतील असून शास्त्रज्ञ त्याच्या प्रजातीस पार्थेनियम म्हणतात. त्याचें मूळस्थान अमेरिकाखंड होय.

इ. स. १९५५ सालीं तें पुण्यांत आढळल्याची नोंद झाली, व पुढें तें देशभर पसरलें. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हांतून तें आलें असें बहुत लोक म्हणतात. परंतु ज्या कराराकडे ते बोट दाखवितात तो १९५६ सालचा आहे. शिवाय एकोणिसाव्या शतकांत ह्या देशांत गोळा केलेले त्याचे नमुनेही सांपडले आहेत. तेव्हां हा वाद सहज मिटणारा नाहीं. आणि समजा मिटला, तरी त्यामुळें एक तरी रोप उपटलें जाईल काय ?

येथें आपण दोन गोष्टींची गल्लत करितों. दोष ज्यानें बीं आणिलें त्याचा असेल. परंतु आज जें बीं पडत आहे तें माझ्या बांधावरील रोपाचें आहे. हें रोप उगवल्यापासून सुमारें एका महिन्यांत फुलूं लागतें, व एकेक मोठें रोप हजारों बिया टाकितें. त्या जमिनींत वर्षानुवर्षें टिकतात. म्हणून माझा आजचा आळस हा शेजाऱ्याच्या उद्यांच्या डोक्यावरील भार होय. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगास खाज सुटते व चट्टे उठतात. परागानें दमा बळावतो. आणि हें दुखणें बहुधा कोणाच्या वांट्यास येतें ? बांध ज्याचा त्याच्या नव्हे, तर मजुरीनें निंदणी करणाऱ्या बाईच्या !

कोणी म्हणेल, “मी एकट्यानें उपटून काय होणार ? शेजारी तर स्वस्थ बसला आहे.” हें म्हणणें खोटें नाहीं. वारा व पाणी सातबारा वाचीत नाहींत. परंतु यावरून काम सोडावें असें ठरत नाहीं. उलट तें वाढतें. आपला बांध स्वच्छ करून शेजाऱ्याच्या दारीं जावें, त्यास दोष न देतां हांक मारावी, व गांवच्या रस्त्याची कड सर्वांनीं मिळून वांटून घ्यावी.

रोपासही दुष्ट म्हणूं नये. ह्याच प्रजातींतील ग्वायुले नामक झुडपापासून रबर मिळतें, व १९४२ सालीं युद्धकाळांत अमेरिकेनें त्याची मुद्दाम लागवड केली. गाजरगवतावर मायदेशीं कीटकांचा अंकुश असतो. तिकडचा एक भुंगेरा १९८४ सालीं आपल्याकडेही सोडण्यांत आला. जेथें कोणी आवरणारा नाहीं, तेथें लहानसें झुडूपही जुलमी होतें.

तर पाऊस पडून जमीन मऊ झाली म्हणजे, फूल येण्यापूर्वींच, हातांस फडकें बांधून तें मुळासकट उपटावें. बीं कोणीं आणिलें ह्याची चर्चा मग सावकाश बसून करावी.