शेजाऱ्याचा कुत्रा आणि आपले ईमान

अकोल्यातील किंवा अमरावतीतील एखादी अरुंद गल्ली डोळ्यांसमोर आणा. फजरच्या नमाजसाठी एक वृद्ध गृहस्थ घराबाहेर पडतात आणि शेजाऱ्याच्या उघड्या फाटकातून कुत्रा अंगावर धावून येतो. संध्याकाळी मकतबमधून परतणारी मुले त्याच फाटकाशी थबकतात. शेजाऱ्याला सांगून झाले, तो हसून म्हणाला, "चावत नाही तो." मग एखाद्या रात्री मनात विचार डोकावतो : पोळीच्या तुकड्यात विष घालून टाकले, तर प्रश्नच मिटेल. हा विचार आपल्या दारी आला, तर ईमानवंताने काय करावे?

सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत अल्लाहच्या उपासनेच्या आदेशाबरोबरच जवळच्या आणि परक्या शेजाऱ्याशी सद्वर्तनाचा आदेश आहे. त्यात शेजाऱ्याच्या धर्माची अट नाही. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी ज्यू शेजाऱ्याकडे वाटा पाठवला की नाही, हे आवर्जून विचारले. दुसरीकडे, ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही तो ईमानवंत नाही, असे पैगंबर (स.) यांनी तीनदा शपथेवर सांगितले. म्हणजे मोकाट कुत्र्याचा मालक दोषी आहेच. पण विष टाकणारा हातही त्याच पंक्तीत जाऊन बसतो. इजा करू नये आणि इजेच्या बदल्यात इजाही करू नये, हा शरीअतचा मूलभूत नियम आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कुत्र्याची लाळ लागली तर धुवावे, हा पाकीचा नियम आहे, तिरस्काराचा परवाना नव्हे. गुहेतील त्या श्रद्धावंत तरुणांसोबत उंबरठ्यावर बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख सूरह कहफमध्ये आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला अल्लाहने क्षमा केली आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली, हे हदीसमध्ये आले आहे. शेताच्या व कळपाच्या राखणीसाठी कुत्रा पाळण्याची मुभा आहे. वरुड-मोर्शीकडे संत्र्याची बाग राखणारा आपलाच एखादा बांधव असा मालक असू शकतो. तेव्हा हा प्रश्न केवळ 'त्यांचा' नाही.

मुंबईतील वरळीच्या एका इमारतीत २०१८ साली एक रहिवासी आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होता. मूल घाबरते, थोडे थांबा, अशी विनंती त्याने केली. कुत्र्याच्या मालकाने ती धुडकावून कुत्र्याला आत ओढले आणि कुत्रा शेजाऱ्याच्या हाताला चावला. २०२५ मध्ये न्यायालयाने मालकाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली. त्या मालकाने स्वतःच्या कुत्र्यालाही दया दाखवली नाही, हेही न्यायालयाने नोंदवले. मुक्या जिवावरची दया आणि शेजाऱ्याचा हक्क या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. पुष्कळदा एक सुटली की दुसरीही सुटते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात गच्चीवर आखूड साखळीने, पाण्याविना बांधलेला कुत्रा चिडखोर झाला, तर दोष कोणाचा?

मग सब्र म्हणजे मुकाट सोसणे का? नाही. एका व्यक्तीने शेजाऱ्याच्या त्रासाची तक्रार केली, तेव्हा पैगंबर (स.) यांनी आधी संयमाचा उपदेश केला. त्रास थांबेना, तेव्हा घरातील सामान रस्त्यावर आणून ठेवण्यास सांगितले. येणारे-जाणारे विचारपूस करू लागले आणि शेजाऱ्याला आपली चूक उमगली. यात क्रम आहे : आधी संयम, मग उघड पण अहिंसक तक्रार.

आपणही हाच क्रम पाळावा. प्रथम एकट्याने, शांतपणे जाऊन बोलावे; कुत्र्याला रेबीजची लस दिली आहे का, हे विचारावे. मग मोहल्ल्यातील चार वडीलधाऱ्यांना सोबत न्यावे. तरीही उपयोग झाला नाही, तर महानगरपालिकेकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार करावी. प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विष घालून प्राणी मारणाऱ्याला कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत. मूल धोक्यात असताना तक्रार करणे हा शेजारधर्माचा भंग नसून त्याचेच पालन आहे. कुत्रा चावलाच, तर हळद, चुना किंवा मिरची न लावता जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही.

आणि हे सारे करत असताना ईदचा शीरखुर्मा त्या घरी पाठवणे थांबवू नये. तक्रार कुत्र्याच्या मोकळ्या साखळीबद्दल आहे, शेजाऱ्याशी वैर मांडण्यासाठी नाही. अल्लाह आपल्या हातून आणि आपल्या दारातून कोणालाही इजा न होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.