धावू द्यावी की जपावी?

सोन्याचा मुलामा दिलेली छोटी आगगाडी हौशी संग्राहकाने चालवावी की पेटीत जपावी? प्रश्न श्रीमंतांचा वाटेल. पण आजीच्या पैठणीची जुनी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामाच! नेसली तर झिजते, घडीत ठेवली तर घडीवरच चिरते.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांची चांदीची गाडी जेवणाच्या मेजावरून पाहुण्यांपुढे मद्य व चिरूट नेई. पात्र उचलले की थांबे. पण ती चांदीची. मुलामा कागदाहूनही पातळ; रुळावरची घासण, हाताचा घाम, पुसायचे फडके यांनी तो उडतो. पुन्हा चढवला तरी तो पहिला नव्हे. उलट, गाडी वर्षानुवर्षे उभी ठेवली तर वंगण घट्ट होऊन यंत्र अडकते.

आपल्या जुन्नर-आंबेगावात रेल्वे नाही. मुलांना छोट्या का होईना, धावत्या गाड्या दिसतात त्या पुण्यात कोथरूडला, १९९८ साली सुरू झालेल्या जोशींच्या संग्रहालयात. तिथे त्या नुसत्या मांडून ठेवल्या असत्या तर मुले किती वेळ थांबली असती?

आम्हाला वाटते, साधी गाडी हवी तेव्हा चालवावी. मुलाम्याची वर्षातून एखादे दिवशी, हळू, शेजारची मुले समोर बसवून. चार ओरखडे पडतील, विकताना भावही उतरेल. तेवढे मालकाने सोसावे.