एकट्याचा वाटा

रामेश्वराहून परतणारे यात्रेकरू पूर्वी शंखशिंपल्यांबरोबर प्रवाळाचा एखादा पांढरा, जाळीदार तुकडाही घरी आणीत. मुंगीलासुद्धा वाचवून पाऊल टाकणारी ही माणसे. त्यांना कोणी हटकले तर म्हणत, "अहो, दगडच तो! आणि मी एक नेल्यानं समुद्राचं काय बिघडतंय?" हा प्रश्न वरवर साधा दिसतो, पण तो विचार करण्याजोगा आहे.

मुळात तो दगड नव्हे. प्रवाळ हा प्राणी आहे. इवलेसे असंख्य जीव समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन आपापले घर बांधतात आणि पिढ्यान् पिढ्या थरावर थर चढतो. गोलाकार प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे हातातला पांढरा तुकडा हे ओस पडलेले गावच. समुद्रतळाचा शंभरावा हिस्साही प्रवाळाखाली नाही, तरी समुद्रातल्या सुमारे पाव जातींच्या जीवांना तेथे आसरा मिळतो.

रामेश्वरापासून तुतिकोरीनपर्यंत मन्नारच्या आखातात अशी प्रवाळाची २१ बेटे होती. चुन्यासाठी नि बांधकामासाठी तेथला प्रवाळ वर्षानुवर्षे होड्या भरभरून काढला, आणि दोन बेटे पाण्याखाली गेली. ती कोणी बुडवली? होडीवाला म्हणेल, पोटासाठी केलं. भट्टीवाला म्हणेल, गिऱ्हाईक होतं. घर बांधणारा म्हणेल, मी चार पाट्याच घेतल्या. प्रत्येकाचे म्हणणे खरे, पण बेट मात्र नाही! यात ज्याला दुसरा मार्ग होता त्याचा दोष अधिक, हे सांगायला नकोच.

२००१ पासून असे प्रवाळ कायद्याने संरक्षित आहेत. पण कायदा तोडणाऱ्या हाताला धरील. उष्म्याला कसा धरणार? पाणी फार तापले की प्रवाळाच्या अंगातले, त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शेवाळ निघून जाते. तो पांढरा पडतो, उपासमारीने मरतो. २०१६ साली याच आखातात तसे घडले. हा ताप आपणा सर्वांच्या धुराचा आहे. त्यात आपलाही चिमूटभर वाटा आहेच.

कोणी म्हणेल, "मी एकट्यानं आवरून प्रवाळ थोडाच वाचणार?" नाही वाचणार, हे कबूल. पण बेट तरी कोणा एका जिवाने कुठे बांधले होते? प्रत्येकाने आपला कण घातला, दुसऱ्याची वाट पाहिली नाही. आपल्या वाट्याचे आपण करावे, ते पुरेल की नाही याचा हिशेब मागाहून.