मावशीचे सूत

दान हातून सुटते. मनातून सुटते का?

मज्झिमनिकायात एक प्रसंग आहे. महाप्रजापती गौतमी ही बुद्धांची मावशी. आई गेल्यावर तिनेच त्यांना दूध पाजून वाढविले. तिने स्वतः सूत कातले, स्वतः विणले, आणि नव्या वस्त्रांची जोडी घेऊन ती कपिलवस्तूला त्यांच्यापुढे उभी राहिली. बुद्ध म्हणाले, हे संघाला दे. तिने तीनदा विनविले. तीनदा तेच उत्तर!

मग मावशीची माया का झिडकारली? छे! आनंदाने तिचे उपकार आठवून दिले, ते बुद्धांनी मान्यच केले. पण एकाला दिल्यापेक्षा संघाला दिलेले थोर, असे सांगितले.

कातणाऱ्या बाया जाणतात, पीळ कमी पडला तर सूत तुटते, अति झाला तर आपल्याच अंगाशी गुंतते. मायेचेही तसेच. तिच्यावाचून चाती फिरायचीच नाही; पण 'माझ्याच माणसाला' हा पीळ चढला की गुंता होतो.

आपण प्रेमाने दिलेले उपरणे कुणी कुडकुडणाऱ्याच्या अंगावर घातले, तर मनाला टोचते ना? तिथेच पाहावे, आपण दान दिले होते की ठेव ठेवली होती!