डोंगर कोरले, पाण्याची पाळी मात्र साहवली नाही



अरबस्तानच्या वायव्येस हिज्र येथे समूद लोकसमूह राहत होता. सपाट भूमीवर ते प्रासाद उभारीत आणि डोंगर कोरून घरे करीत. हे कौशल्य निंद्य नव्हते. सूरह अल-आराफमध्ये प्रेषित सालेह (अ.) यांनी त्याची आठवण अल्लाहचा उपकार म्हणूनच करून दिली आहे.

मग हा समूह नष्ट का झाला? अल्लाहने त्यांच्यापुढे एका सांडणीच्या रूपाने कसोटी ठेवली. पाण्याची एक पाळी तिची, एक पाळी लोकांची. परंतु डोंगराला आकार देणाऱ्या हातांना एका मुक्या जनावराची पाळी साहवली नाही. त्यांनी तिला ठार केले. तीन दिवसांनी प्रकोप आला. ज्या घरांच्या भरवशावर ते निर्धास्त होते, त्याच घरांत ते पालथे पडलेले आढळले.

हिजरी सन ९ मध्ये तबूकच्या मोहिमेवर जाताना प्रेषित मुहम्मद (स.) तेथून गेले. या वस्तीत रडत रडतच प्रवेश करा, असे त्यांनी सोबत्यांना सांगितले. तेथील विहिरींच्या पाण्यात मळलेले पीठ त्यांनी उंटांना घालावयास लावले. ज्या विहिरीवर सांडणी येत असे, तिचेच पाणी घेण्याची त्यांनी आज्ञा दिली.

आता दुसरे बांधकाम पाहा. खलीफा हारून रशीद यांच्या पत्नी जुबैदा (मृत्यू इ. स. ८३१) यांना मक्केतील हाजींचे पाण्यावाचून होणारे हाल पाहवले नाहीत. त्यांनी विपुल द्रव्य खर्चून, खडक फोडून, दूरच्या डोंगरांतील झऱ्यांचे पाणी उताराने मक्केपर्यंत आणविले. खडक येथेही फोडला गेला. पण तो इतरांच्या तहानेसाठी. नहर-ए-जुबैदाच्या पाण्याने शतकानुशतके हाजींची तहान भागविली.

आपणही घरे बांधतो, मजले चढवितो, कूपनलिका खोदतो. उन्हाळ्यात शेजाऱ्याची विहीर आटते, तेव्हा आपला नळ त्याच्यासाठी उघडा असतो काय? तो शेजारी कोणत्या धर्माचा, हे आपण आधी विचारतो काय? जवळ अतिरिक्त पाणी असून ते वाटसरूला नाकारणाऱ्याकडे अल्लाह कयामतच्या दिवशी पाहणारही नाही, असा इशारा प्रेषितांनी (स.) दिला आहे.

घराची मजबुती गवंडी पाहील. त्या घराच्या दारातून कोणी तहानलेला परत गेला काय, याचा जाब मात्र घरमालकालाच द्यावा लागेल. अल्लाह आपल्या घरांना इतरांसाठी दिलासा बनवो. आमीन.