अपुरे स्वराज्य स्वीकारावे काय?

परकी सैन्य ज्या देशात ठाण मांडून बसले आहे, तेथील लोकांस कधी कधी एक विचित्र देणगी मिळते. जेता त्यांस म्हणतो, "तुम्ही आपले सभासद निवडा, कायदे करा, कारभार चालवा, मात्र आमच्या मनास न येईल ते आम्ही रद्द करू." अशी देणगी प्रामाणिक मनुष्याने घ्यावी की नाकारावी? घेतली तर आपल्या बंधनावर आपणच सही केल्यासारखे होते. नाकारली तर गावची शाळा, पाणी व रस्ते ह्यांची काळजी वाहण्यास आपले माणूस उरत नाही. हा प्रश्न केवळ राजकारणाचा नव्हे, सदसद्विवेकाचाही आहे. ओकिनावा बेटाच्या लोकांस तो सत्तावीस वर्षे सोडवावा लागला, म्हणून त्यांची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

ओकिनावा हे जपानच्या दक्षिणेकडील बेट. सन १९४५ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत तेथे घनघोर युद्ध झाले, आणि त्यात रहिवाशांपैकी सुमारे चौथा हिस्सा मरण पावला असे मानतात. पुढे २८ एप्रिल १९५२ रोजी जपान पुन्हा स्वतंत्र झाला. परंतु ज्या तहाने तो स्वतंत्र झाला, त्याच तहाने ओकिनावा अमेरिकेच्या हाती राहिले. त्याच महिन्याच्या १ तारखेस तेथे बेटवासीयांचे म्हणून एक सरकार स्थापन झाले होते. कायदेमंडळ लोकांनी निवडलेले, पण मुख्य कारभारी परक्या सत्तेने नेमलेला. आणि मंडळाने केलेला कायदा रद्द करण्याची मुखत्यारी त्या सत्तेच्याच हाती.

अशा कारभाराविषयी लोकांची मने एकसारखी नव्हती. पुष्कळांस वाटे की आधी भाकर, मग हक्क. ज्याचे घर व शेत लढाईत गेले, त्याला छावणीतील मजुरीच पोसत होती. त्याच सत्तेच्या अमलात १९५० साली तेथे विद्यापीठही निघाले. काही गावांनी आपण होऊन जमिनीचे करार केले. त्यांस लाचार म्हणण्यास आमची जीभ वळत नाही. उपाशी लेकराच्या बापास दुरून उपदेश करणे सोपे असते. दुसरे कित्येक म्हणत की हे सारे सोंग आहे, त्यास शिवूही नये. परंतु तिसराही एक मार्ग होता, आणि आमच्या मते तोच अधिक विचार करण्याजोगा आहे.

सेनागा कामेजिरो हे त्या पहिल्या कायदेमंडळाचे एक निवडून आलेले सभासद. उद्घाटनाच्या दिवशी सर्व सभासद शपथेसाठी उठून उभे राहिले, पण सेनागा आपल्या जागी बसून राहिले. लोकांनी दिलेले पद त्यांनी घेतले; परक्या सत्तेने मागितलेली निष्ठा दिली नाही. लष्करी अधिकारी त्यांस कम्युनिस्ट म्हणत, आणि त्यांच्या सर्वच मतांस आम्ही मान्यता देतो असे नव्हे. १९५४ साली त्यांस तुरुंगात टाकले. सुटल्यावर त्याच १९५६ सालच्या डिसेंबरात नाहा शहराच्या लोकांनी त्यांस आपला नगराध्यक्ष निवडले. तेव्हा नगरपालिकेचे पैसे अडकविण्यात आले व मदत बंद झाली. आता नगरवासीयांनी काय करावे? दंगा केला असता तर बंदुका तयारच होत्या. त्यांनी रांगा लावून आपले कर भरले!

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. कर भरणे हे सहसा कोणास आवडत नाही. परंतु जे ओझे एरवी जुलमाचे वाटते, तेच त्या दिवशी स्वराज्याचे चिन्ह झाले. "हे शहर आमचे आहे, त्याचा खर्च आम्ही सोसू," असे त्या रांगेतील प्रत्येक जण न बोलता सांगत होता. १९५७ साली नियम बदलून सेनागांस पदावरून काढण्यात आले. तरी पुढील निवडणुकीत लोकांनी त्यांच्याच बाजूचा मनुष्य निवडला.

असेच इए नावाच्या लहान बेटावर घडले. तेथील शेतकऱ्यांची जमीन बाँबफेकीच्या सरावासाठी हवी होती, आणि १९५५ साली सैनिकांनी येऊन घरे पाडली. त्या शेतकऱ्यांचे पुढारी आहागोन शोको हे ख्रिस्ती होते. त्यांस पुढे ओकिनावाचे गांधी म्हणू लागले. सैनिकांशी बोलताना कसे वागावे ह्याचे नियम त्या शेतकऱ्यांनी आधीच ठरविले होते. बसून बोलावे, आवाज चढवू नये, हात कानाच्या वर उचलू नये, खोटे सांगू नये. धान्य पिकविणारा मनुष्य नाश करणाऱ्याहून माणुसकीत श्रेष्ठ आहे, म्हणून सैनिकासही शिकविण्याची वृत्ती ठेवावी, असे ते मानीत. ज्यांच्यापाशी शेतही उरले नव्हते, त्यांनी आपल्या जिभेवर व हातांवर राज्य केले. स्वराज्याचा आरंभ ह्याहून दुसरा कोणता?

१९६३ साली तेथील अमेरिकन उच्चायुक्त सेनापती कॅरवे ह्यांनी उघड सांगितले की बेटवासीयांची स्वायत्तता ही एक कल्पित गोष्ट आहे. कागदावरील अधिकारापुरते त्यांचे म्हणणे खरे होते. पण त्यांनी अधिकार तेवढा मोजला. लोकांनी अंगी बाणविलेली जबाबदारी मोजली नाही. १९६८ साली मुख्य कारभारी लोकांच्या मताने निवडण्याची पाळी प्रथम आली, व यारा चोब्यो हे शिक्षक निवडून आले. १५ मे १९७२ रोजी ओकिनावा जपानास परत मिळाले.

तथापि गोष्ट येथेच संपत नाही. छावण्या राहिल्याच. २०१९ साली हेनोको येथील नव्या तळासाठी समुद्रात भराव घालण्याविषयी बेटाचे मत घेतले, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ७२ जणांनी विरोध केला. तरी काम थांबले नाही, आणि ह्या वेळी सरकार आपलेच होते. परके निशाण उतरले की स्वराज्य पुरे झाले, असे नाही.

तर मग अपुरे स्वराज्य स्वीकारावे काय? आमचे उत्तर असे: काम स्वीकारावे, अंतःकरण गहाण टाकू नये. पद लोकांच्या सेवेसाठी घेता येते. पण ज्या दिवशी ते राखण्यासाठी खोटी निष्ठा द्यावी लागेल, त्या दिवशी बसून राहण्याचे धैर्य असावे. आणि "तुम्ही अद्याप लायक नाही," असे जेता म्हणेल तेव्हा त्याच्या दाखल्याची वाट पाहू नये. लायकी रांगेत उभे राहून कर भरणाऱ्याच्या हातात असते. ज्या आम्हांस मताचा अधिकार वाडवडिलांच्या कष्टाने आयता मिळाला आहे, त्या आम्ही आपल्या गावच्या सभेस किती वेळा जातो, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.