घाईची गोधडी

सावेडीत शिंप्यांच्या दुकानांत रोज चिंध्यांचे ढीग पडतात. त्या गोळा करून आमच्याकडच्या काही माउल्या गोरगरिबांसाठी गोधड्या शिवतात. तुकडे मशीनवर जोडून वरचा पदर करायचा, खाली जुने लुगडे, मध्ये धडुती. चौघींनी लांब लांब धावदोरा घातला की दोन दुपारींत गोधडी तयार. काम चांगलेच. पण एकदा भजन आटोपल्यावर एका आजींनी विचारले, "काय हो, जे फेकूनच द्यायचं होतं ते दिलं, तर त्याला दान म्हणायचं का?" आम्ही हसून वेळ मारून नेली. उत्तर सुचले नव्हते, हे खरे.

संतसज्जनहो, चिंध्यांची लाज बाळगण्याचे कारण नाही. गाडगेबाबा (१८७६–१९५६) ठिगळांचीच गोधडी पांघरून गावोगाव हिंडले. आणि आमच्याच जिल्ह्यातील ताहाराबादच्या महिपतीबुवांनी १७६२ साली रचलेल्या भक्तिविजयात जनाबाईची कथा आहेच. देव घाईत आपला शेला तिच्याकडे विसरला आणि तिची वाकळ पांघरून राउळात गेला! वाकळीत चिंध्यांवाचून दुसरे काय असणार?

पण इथेच आमची गोम आहे. जनीने ती वाकळ दान देण्यासाठी शिवली नव्हती. ती तिच्या अंगावरची होती. आम्ही दिलेल्या गोधडीत आम्ही एक रात्र तरी निजलो असतो काय?

मागे थंडीत स्टँडवर एका म्हाताऱ्या वारकऱ्याला आम्ही एक गोधडी दिली होती. पुढल्या वर्षी तोच भेटला. टाके वीत-वीतभर अंतरावर. एका धुण्यात आतली धडुती सगळी एका कोपऱ्यात गोळा झाली होती. तो ती उशाला घेऊन बसला होता. म्हणाला, "उशी झ्याक झाली, महाराज." त्याने रागे भरले असते तर बरे वाटले असते.

तेव्हापासून टाके बोटभर अंतरावर घालतो. गुळगुळीत टेरिकॉटचे तुकडे आत भरत नाही, ते सरकतात. आणि गोधडी फार जाड करीत नाही. उघड्यावर निजणाऱ्याला ती वाळवायला ना दोरी, ना गच्ची.

यावर माउल्यांनी बिनतोड सवाल केला: "दाट टाक्यांत दहाच्या जागी सहाच होतील. थंडी काय आपल्यासाठी थांबते? उरलेल्या चौघांनी कुडकुडायचं?"

खरेच आहे. कुडकुडणाऱ्याला नक्षी नको, आजच्या रात्री पांघरूण हवे. म्हणून घाईला आम्ही दोष देत नाही. तरीही सहाच शिवाव्यात, असे आमचे मत. उरलेल्या चौघांसाठी ज्याने त्याने आपल्या अंथरुणावरचे काढावे. त्याला सुई लागत नाही, वेळही लागत नाही.

हे लिहिताना मात्र हात अडखळतो. आमच्या कपाटात तीन सोलापुरी चादरी घडी मोडल्याविना पडून आहेत. पाहुण्यांसाठी म्हणून.